अन्या, मामावरून तुझी आठवण

प्रिय अन्या,

आठ महिने एक ओळ नाही, घाल शिव्या, हक्कच आहे तुझा. तब्येत ठीक, गुडघा तसाच. सध्या अल्जेरियात, अल्जिअर्सला साईटवर आहे आणि आज जे झालं ते तुलाच कळेल, कारण त्यात मामा आहे.

आमच्या रूमजवळ हुसेन दे नावाचा भाग आहे. मला वाटायचं दे म्हणजे आडनाव, बंगाल्यांचं असतं तसं. तर साईटवरचा तुर्की सर्व्हेयर म्हणाला, अरे हे आमचं ‘दायी’, आईचा भाऊ! हातातला चहा खालीच ठेवला मी. म्हणजे इथल्या राज्यकर्त्याची पदवीच मामा! जानिसारी, म्हणजे तुर्की सुलतानाच्या फौजेतले शिपाई, आपल्यातल्या मोठ्या माणसाला मानाने असं म्हणायचे. ट्युनिसला 1591 च्या बंडाच्या वेळी शंभर शिपायांचा म्होरक्या म्हणजे दे, आणि इथे 1671 पासून अख्ख्या अल्जिअर्सचा धनीच दे, हाताखाली तीन प्रांतांचे तीन बे, म्हणजे सुभेदार. नावाला सुलतानाचे, पण 1711 मध्ये इस्तंबूलहून सुलतानाने नेमून पाठवलेला कारभारी, पाशा, यांनी सरळ परत धाडला. मात्र ज्या शिपायांनी गादीवर बसवायचं तेच उठले की मारायचे, कित्येक दे तसेच गेले. हुसेन शेवटचा. फ्रान्सने उधारीवर गहू नेलेला, पैसे काही देईनात, म्हणून 1827 मध्ये याने भर भेटीत त्यांच्या इथल्या दूताला माश्या हाकायची चवरी मारली, तेच निमित्त करून 1830 ला फ्रेंच उतरले ते 132 वर्षं हललेच नाहीत.

आपण हवालदाराला मामा म्हणतो ना रे, तू सिग्नलवर “मामा, जाऊ द्या ना” करत हात जोडलेलेस, ते आठवून एकटाच हसलो.

मग सर्व्हेयर म्हणाला, आजही तुर्कीत ‘त्याला दायी आहे’ म्हणजे त्याचा वशिला आहे. तिथे चर्र झालं. सकाळीच ताईचा मेसेज आलेला, बंटीने आमच्याच कंपनीत अर्ज टाकलाय, “तू मामा आहेस, एक शब्द टाक.” पोरगा चांगला आहे, कष्टाळू आहे, पण रांगेत उभी असलेली बाकीची पोरं पण कष्टाळूच असतील ना? आणि हेच मी तुला कट्ट्यावर सगळ्यांसमोर सुनावलं होतं, मामाने चिकटवलं म्हणून. तुझे बाबा जाऊन तीन महिने झाले होते, घरी तू एकटा कमावता, आणि मी तत्त्वं शिकवत होतो. चुकलो अन्या. वशिला वाईटच वाटतो मला अजूनही, पण तुला तसं बोलणं त्याहून वाईट होतं.

ताईला उत्तर दिलेलं नाही, निळ्या टिक पडल्यात. नोकरीचं पहिलं वर्ष तुझं कसं गेलं हे तू कधी बोलला नाहीस, मी विचारलंही नाही. लोक काय म्हणायचे, तू काय ऐकून घ्यायचास, ते आता सांग, मग ताईला काय लिहायचं ते ठरवतो.

चिनूची दहावी झाली ना? वहिनींना नमस्कार, काकूंचं मोतीबिंदूचं उरकून घे. रविवारी फोन कर, आम्ही साडेचार तास मागे आहोत, पहाटे उठवू नकोस.

तुझा,
बाळ्या