घंटागाड्या खरेदी करतानाच त्यांच्या देखभालीची तरतूद व्हावी

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

नगरपालिका आणि महानगरपालिकांनी नव्या घंटागाड्या व कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या मोठ्या गाड्या) खरेदी केल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. नारळ फुटतो, रांगेत उभ्या केलेल्या गाड्यांचे छायाचित्र छापून येते. त्यांपैकी किती गाड्या वर्षभरानंतर रोज सकाळी कामावर निघतात, हे मात्र क्वचितच छापले जाते. मी एका पालिकेच्या वाहन विभागात अनेक वर्षे काम केले आहे. कचरा उचलण्याची व्यवस्था कोलमडते ती बहुतेक वेळा गाड्या कमी असल्यामुळे नव्हे, तर असलेल्या गाड्या वर्कशॉपमध्ये अडकून पडल्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न मोजमापाचा आहे. अजूनही अनेक ठिकाणी गाडीची सर्व्हिसिंग केवळ किलोमीटर पाहून ठरते. लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी ते ठीक आहे, कारण ताशी सरासरी 40 किलोमीटर वेगाने 10,000 किलोमीटर कापताना त्याचे इंजिन सुमारे 250 तास चालते. घंटागाडी मात्र दारोदार थांबत जाते. ती दिवसाला 30 किलोमीटर फिरते आणि तिचे इंजिन 7 तास सुरू असते असे धरले, तर तेच 10,000 किलोमीटर पूर्ण होईपर्यंत इंजिन 2,300 तासांहून अधिक चाललेले असते. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण घंटागाडीच्या इंजिनातील ऑइल तोवर केव्हाच निकामी झालेले असते. कॉम्पॅक्टरची गोष्ट तर आणखी वेगळी आहे, कारण गाडी जागेवर उभी असतानाही कचरा दाबण्यासाठी इंजिनावर हायड्रॉलिक पंप चालवला जातो. म्हणून या गाड्यांची सर्व्हिसिंग इंजिनाच्या तासांवर ठरवली पाहिजे आणि लॉगबुकात किलोमीटरच्या शेजारी तासांचा रकाना सक्तीचा केला पाहिजे.

1 एप्रिल 2020 पासून देशभर नव्या वाहनांच्या धुरावर कडक मर्यादा घालणारे बीएस-6 मानक लागू झाल्यावर हा प्रश्न अधिक बिकट झाला. या मानकाच्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जळून जाण्यासाठी फिल्टरमधील तापमान सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते. मोठ्या रस्त्यावर सलग धावणाऱ्या गाडीत हे काम आपोआप पार पडते, पण गल्लीबोळांत पावलापावलावर थांबणाऱ्या गाडीत ते पुन्हा पुन्हा अर्धवट राहते. ही काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते आणि काम अर्धवट राहिले की त्यातील काही डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि ती पाहून चालक निश्चिंत होतो. प्रत्यक्षात ऑइल पातळ होऊन बेअरिंगची झीज सुरू झालेली असते. पुढे डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची यंत्रणाच इंजिनाची ताकद आपोआप कमी करते आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ओढून न्यावी लागते. जे काम आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवून किंवा आवारात इंजिन चालू असताना अर्धा-पाऊण तास उभी ठेवून करून घेता आले असते, त्यासाठी गाडी कित्येक दिवस बंद राहते. हे काम कोणी करायचे आणि कोणत्या वारी, याचा उल्लेख चालकांच्या वेळापत्रकात कुठेच नसतो.

दुसरा प्रश्न प्रतीक्षेचा. गाडी आठ दिवस बंद होती म्हणजे फिटर आठ दिवस काम करत होता, असे नव्हे. फुटलेला हायड्रॉलिक होज (तेलाची दाबनळी) बदलायला तासभर पुरतो. उरलेले दिवस बिघाडाचे निदान, मागणीपत्र, तीन दरपत्रके, मंजुरीची सही आणि पुरवठादाराचे थकलेले बिल यांत जातात. मग गाडी लवकर बाहेर पडावी म्हणून शेजारी बंद असलेल्या गाडीचा सुटा भाग काढून तिला बसवला जातो. त्या दिवसापुरते काम भागते, पण ती शेजारची गाडी हळूहळू सांगाडा होऊन बसते आणि पुढे तिची दुरुस्ती परवडत नाही म्हणून ती भंगारात निघते. फिल्टर, होज, ब्रेक लायनर, क्लचप्लेट, पाटे (गाडीचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि यू-बोल्ट हे वारंवार लागणारे भाग वार्षिक दरकरारावर स्टोअरमध्ये ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. त्याबरोबरच प्रत्येक बंद गाडीची नोंद टप्प्याटप्प्याने झाली पाहिजे : तक्रार केव्हा आली, निदान केव्हा झाले, भाग केव्हा मागवला आणि मिळाला, गाडी केव्हा सुटली. या तारखा समोर आल्या की दिरंगाई वर्कशॉपमध्ये झाली की लेखा विभागात, याबद्दल वाद उरणार नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते चालकाकडे. बिघाडाची पहिली चाहूल त्यालाच लागते. पण ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या चालकाची गाडी बंद पडली की अनेकदा त्याचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. असा माणूस ब्रेकचा आवाज येतो आहे हे आपणहून सांगेल, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. बिघाड वेळेत कळवणाऱ्या चालकाचा रोज कापला जाणार नाही, ही अट ठेकेदाराच्या करारातच असली पाहिजे. त्याच करारात उचललेल्या कचऱ्याच्या वजनावर बिल देण्याची पद्धत असेल, तर तीही तपासावी. टनावर पैसे मिळत असतील तर गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरली जाते आणि पाटे तुटतात. ठरलेल्या वेळी किती गाड्या सुस्थितीत निघाल्या, हा निकषही बिलात यायला हवा.

पर्यायी गाडीचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. पूर्वी जुन्या गाड्या राखीव म्हणून ठेवल्या जात. मात्र 1 एप्रिल 2023 पासून सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या 15 वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. प्रदूषण आणि सुरक्षितता पाहता तो निर्णय योग्यच आहे, पण त्यामुळे राखीव गाड्या गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या राखीव गाड्या किती ठिकाणी आल्या, हे तपासायला हवे. दहा मार्गांसाठी दहाच गाड्या घेतल्या, तर सर्व्हिसिंगसाठी एकही गाडी आत घेता येत नाही. मग ती बंद पडेपर्यंत चालवली जाते. दहा मार्गांमागे किमान एक जादा गाडी ही चैन नसून देखभालीचाच भाग आहे. फिटनेस प्रमाणपत्राची तारीख तर आधीपासून ठाऊक असते. ग्रीसिंग, रंग आणि ओल्या कचऱ्याच्या पाण्याने गंजलेल्या चासीची दुरुस्ती त्याच काळात उरकता येते. रोजच्या फेरीनंतर गाडी धुण्यासाठी पुरेसे पाणी आणि पक्का रॅम्प असेल, तर हा गंजही बराच कमी होईल आणि सफाई कामगारांना दुर्गंधीत काम करावे लागणार नाही.

खरेदीचा पैसा भांडवली खर्चातून येतो आणि त्यासाठी शासनाचे अनुदानही मिळते. ऑइल, टायर आणि फिटरचा पगार मात्र महसुली खर्चात मोडतो आणि काटकसरीची कात्री तिथेच आधी लागते. म्हणून माझी मागणी अशी आहे की, नव्या वाहनखरेदीचा प्रत्येक प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येताना त्याला पुढील किमान पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च, राखीव गाड्यांची संख्या आणि सुट्या भागांचा दरकरार जोडलेला असावा, आणि प्रभागनिहाय किती गाड्या कामावर गेल्या व किती कोणत्या कारणाने बंद राहिल्या, हा तक्ता पालिकेने दर महिन्याला नागरिकांसाठी प्रसिद्ध करावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहन पर्यवेक्षक