रिकामी टाकी म्हणजे निर्धोक टाकी नव्हे

महोदय,
आमच्या रस्त्यावरचा जुना पेट्रोल पंप बंद झाला आणि जमिनीखालच्या टाक्या काढण्याचे काम सर्वांत कमी दर सांगणाऱ्या भंगारवाल्याला दिले गेले. मी पंपावर व्यवस्थापक होतो. टाकीच्या तोंडाशी गॅस कटर पेटलेला पाहून अंगावर काटा आला.

डिप रॉड (टाकीतली पातळी मोजायची पट्टी) कोरडा निघाला म्हणजे टाकीतले पेट्रोल पूर्ण संपले असे नाही. तळाच्या गाळातून पेट्रोलची वाफ सुटतच राहते. ती हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते आणि मग एक ठिणगी पुरते. म्हणून तर पेट्रोलियम नियम 2002 प्रमाणे टाकी वायुमुक्त असल्याचे सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र हवे. त्याआधी आत उतरायचे नाही, कापायचे नाही. पेट्रोल साठवण्याचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय सुरक्षा संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

जागामालकांनो, ठेकेदाराला दर विचारण्याआधी एवढे विचारा: वायू मोजायचे यंत्र आहे का? गाळ कुठे नेणार? पाइपही काढणार की तसेच गाडणार? आमच्याकडे खड्डा घाईघाईने मुरूम टाकून बुजवला. शेजारच्या वाड्यातली विहीर वापरात आहे, तिचे पाणी कोणी तपासले नाही. अशा जागेवर बांधकामाला परवानगी देताना महापालिकेने माती-पाण्याचा तपासणी अहवाल मागितलाच पाहिजे.

– एक निवृत्त पंप व्यवस्थापक, सांगली