गॉलहून, आई-बाबांस

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

काल फोनवर वाऱ्यामुळे धड बोलणंच झालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सध्या श्रीलंकेत, गॉलमध्ये आहे. कोलंबोहून रेल्वेने आले. उजवीकडची खिडकी मिळाली होती, बरीचशी वाट रुळाला लागूनच समुद्र.

बाबा, इथला किल्ला तुम्हाला दाखवायचाच आहे. १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १६४० मध्ये डचांनी जिंकला आणि दगडी तट उभा केला, १७९६ ला इंग्रज आले. जुन्या दरवाजाच्या आतल्या बाजूला डच कंपनीचं चिन्ह कोरलंय: दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ साल. पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी तुम्ही एकेक नक्षी बोट लावून दाखवायचा, तशी मी तिथे रेंगाळले. कुठे पोचायची घाईच नव्हती.

किल्ल्यात लोक अजून राहतात. १७५५ चं डच चर्च, दीपगृहासमोर मशीद, मधल्या गल्ल्यांत शाळेतून सुटलेली पोरं. तटावरून चालत गेलं की एका हाताला लाल कौलं, दुसऱ्या हाताला समुद्र. पन्हाळ्यासारखा चढ नाही. बाबांचा गुडघा कुरकुरला तर बसायला जागोजागी कट्टे आहेत, हे मी मुद्दाम बघून ठेवलंय.

तटावरून खाली क्रिकेटचं मैदान दिसतं. मुरलीधरनची ८०० वी विकेट इथलीच, २०१० ची, आपल्या ओझाची. लोक तटावर बसून फुकटात सामना बघतात!

२००४ च्या त्सुनामीत हे मैदान आणि शेजारचा बसस्टँड पाण्यात गेला, माणसं गेली. तटाच्या आतली वस्ती बरीचशी वाचली. मी उतरलेय त्या घरच्या मावशी हे सांगताना हाताने पाण्याची उंची दाखवत होत्या, आणि मला २०१९ चा आपल्या कोल्हापूरचा महापूर आठवला. पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपणही असंच हात करून सांगतो. मग त्यांना आपलंही सगळं सांगितलं. दुपार तिथेच गेली.

आई, जेवायला त्यांनी अंबुल थियाल केलं होतं. गोरका नावाचं, आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ वाळवून, वाटून, मिरीबरोबर माशाला चोळतात आणि पाणी आटेपर्यंत मंद आचेवर ठेवतात. रस्सा नावालाही नाही. पहिल्या घासाला मी बिचकले, नंतर भात दोनदा घेतला. शेवटी मातीच्या मडक्यात लावलेलं म्हशीचं घट्ट दही, वर भेरली माडाच्या रसाचा काकवीसारखा पाक. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या बाबांना हे दही पसंत पडणार, मी पैजेवर सांगते.

आता मुद्द्याचं. “आमचं फिरण्याचं वय गेलं” हे मला यावेळी ऐकायचं नाही. आयुष्यभर आमच्या फीपायी तुम्ही सुट्ट्या घरातच काढल्यात. डिसेंबर ते मार्च इकडे पाऊस कमी असतो. तिकिटं, राहणं मी बघते. तुम्ही फक्त कपाटातले पासपोर्ट काढून मुदत कधी संपते ते कळवा. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांना बाबांसोबत तूच जा, ते एकटे गेले की सगळं ठीक आहे म्हणून परत येतात.

तुमची लाडकी लेक