खुराड्यावरचा हल्ला आणि रेबीजचा धोका

माननीय संपादक,
स. न.

परसातल्या खुराड्यावर कोल्हा, मुंगूस किंवा रानमांजर तुटून पडले की किती कोंबड्या गेल्या याची बातमी होते आणि जनावर ‘पिसाळलेले असावे’ एवढ्यावर विषय थांबतो. कोंबड्या पाळणाऱ्यांना याहून बरेच काही ठाऊक असायला हवे. अशा वेळी खरा धोका असतो तो कोंबडी सोडवायला पुढे केलेल्या हाताला.

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. चावा बसलेली कोंबडी पिसाळत नाही, तिच्या चोचीतून किंवा अंड्यांतून रोग येत नाही. विषाणू असतो तो आजारी जनावराच्या लाळेत आणि मेंदू-मज्जातंतूंत. रक्तातून, लघवीतून किंवा विष्ठेतून तो पसरत नाही. त्यामुळे हल्ल्यानंतर पाहायचे ते हे, की ताजी लाळ कुठे लागली. पिसांवरची ओली लाळ खरचटलेल्या बोटाला लागणे किंवा त्याच हाताने डोळा चोळणे, हीच ती वाट.

दहा कोंबड्या मारून एकही खाल्ली नाही, म्हणजे जनावर पिसाळलेलेच, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. कोल्हा किंवा मुंगूस धडधाकट असले तरी बंद खुराड्यात फडफडणारा पक्षी दिसेल तोवर मारत सुटतात, कारण भक्ष्य पळून जात नाही आणि मारण्याची प्रेरणाही थांबत नाही. दिवसाढवळ्या दिसलेला कोल्हाही आजारीच असतो असे नाही. पिल्लांना भरवणारी मादी दिवसाही फिरते. लक्षणे जनावराच्या वागण्यात पाहावीत: झोकांड्या जाणे, मागचे पाय ओढत चालणे, जबडा लोंबणे, लाळ गळणे, माणसाला न बिचकता सरळ अंगावर येणे, लाकडाचे, जाळीचे किंवा स्वतःच्याच अंगाचे चावे घेणे. काही जनावरे उलट सुस्त होतात, कोपऱ्यात बसून राहतात. ‘गरीब’ दिसतात म्हणून लोक जवळ जातात आणि तिथेच घात होतो. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य रोगातही अशीच लक्षणे दिसतात. नक्की निदान मेंदूच्या तपासणीनेच होते, तोवर रेबीज आहे असे धरूनच वागावे.

हल्ला चालू असताना खुराड्यात शिरू नये. मुले आणि कुत्रा घरात घ्यावेत, दार लावावे, वनविभागाला कळवावे. भांडी वाजवून धडधाकट जनावर पळते, पिसाळलेले पळेलच असे नाही. जनावर मेलेले सापडले तर डोक्याला धक्का लावू नये, कारण तपासणी मेंदूचीच करायची असते. जाड हातमोजे घालून दुहेरी पिशवीत, बर्फासोबत थंड ठेवावे, गोठवू नये.

चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण घाईत माणसे दोन मिनिटांत नळ बंद करतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे, घट्ट पट्टी बांधू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘दहा दिवस जनावरावर नजर ठेवा’ हा नियम पाळीव कुत्र्या-मांजरांपुरता आहे. रानटी जनावराला तो लागू नाही आणि ते पुन्हा दिसेल याचीही खात्री नसते. कातडी फाटली असेल, किंवा डोळ्यात, तोंडात, उघड्या जखमेत लाळ गेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते. ते शक्य तितके जखमेत आणि तिच्या भोवती टोचले जाते. लसीची प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो, तोवर तेच विषाणूला अडवते. ते मिळाले का, हे रुग्णाने स्वतः विचारावे. रोगाची लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, म्हणून जखम भरली की लोक उरलेले डोस सोडून देतात. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही.

मग घरचा कुत्रा. रात्री तो त्या जनावराशी झुंजला असेल, तर केसांखालचा लहानसा चावा दिसतही नाही. त्याला लस दिलेली असली तरी लगेच पशुवैद्याकडे नेऊन पुन्हा टोचून घ्यावे. दिलेली नसेल तर त्याला किती महिने वेगळे ठेवायचे हे पशुवैद्य सांगतील आणि ते पाळावेच लागेल. शेळ्या-गुरांकडेही पाहावे, त्यांनाही हा रोग होतो.

मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी उचलू नयेत, खाऊ नयेत, कुत्र्याला घालू नयेत, खोल पुराव्यात. रक्ताळलेल्या फळ्या आणि भांडी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणाने धुवावीत. जखमी कोंबडीला हातमोजे घालूनच हाताळावे आणि वेगळे ठेवावे. पिसे बाजूला करून पाहिल्याशिवाय दातांची भोके दिसत नाहीत आणि कोंबडी दगावते ती बहुधा त्या भोकांत होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाने.

खुराड्याची खरी कमजोरी असते जाळीत. षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. कोल्हा ती दातांनी फाडतो आणि पंजा आत घालणारे जनावर जाळीलगत झोपलेल्या कोंबडीचे मुंडके ओढून काढते. १२-१३ मिलिमीटर चौकटीची, निदान एक मिलिमीटर जाड तारेची वेल्डमेश जाळी लावावी. ती पिनांवर ठोकू नये, हिसक्याने पिना निघतात. वॉशर घालून स्क्रूने, १०-१५ सेंटिमीटरवर आवळावी. उकरणारे जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरते, मागे सरून नाही. म्हणून जाळी ३० सेंटिमीटर खाली गाडावी, नाहीतर बाहेरच्या बाजूला ४५ ते ६० सेंटिमीटर आडवी पसरून मातीने झाकावी. अडीच सेंटिमीटरची फटही बारीक शिकाऱ्याला पुरते. नुसत्या कडीवर विसंबू नये, तिच्यात हुक अडकवावा. विजेचे कुंपण उपयोगी आहे, पण गवत तारेला टेकले की करंट उतरतो. शिवाय झटक्याने दूर राहायला जनावर शुद्धीवर असावे लागते. पिसाळलेल्याला अडवते ती जाळीच.

विष घालणे किंवा सापळ्यात धरून दूर सोडणे, हे दोन्ही करू नये. विष शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही मारते, आणि सापळ्यातले जनावर हाताळतानाच चावते. दूर सोडल्याने काय होते याचे उदाहरण अमेरिकेत आहे: १९७०च्या दशकात शिकारीसाठी आग्नेय राज्यांतले रकून (तिथले एक रानटी सस्तन जनावर) वेस्ट व्हर्जिनिया-व्हर्जिनियाच्या हद्दीकडे नेऊन सोडले गेले आणि त्यांच्याबरोबर गेलेला रेबीज पुढे पूर्व किनाऱ्यावर पसरला. उलट १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस ठेवून ती कोल्ह्यांसाठी टाकण्यात आली. पश्चिम युरोपातला कोल्ह्यांमधला रेबीज पुढे अशाच आमिषांनी आटोक्यात आला.

रानाला लागून राहणाऱ्या कोंबडीपालकांनी आधीच घेण्याच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. ती घेतलेल्याला पुढे चावा बसला तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. मात्र जखम धुवावीच लागते आणि चाव्याच्या दिवशी एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी एक, असे लसीचे दोन डोस तरीही घ्यावेच लागतात.

आपला,
एक कुक्कुटपालक वाचक