स्पॅनिश क्रियापदे मराठी व्याकरणाच्या आधाराने शिकवावीत

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत २९ वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवून मी निवृत्त झाले. माझी नात यंदा नववीत आहे आणि गेल्या जूनपासून घोडबंदर रस्त्यावरील एका खासगी वर्गात स्पॅनिश शिकते. ऐरोली-घणसोलीकडच्या कार्यालयांत परकीय भाषा जाणणाऱ्यांना काम मिळते, हे घरोघरी ठाऊक झाल्यामुळे अशा वर्गांना मुले आवडीने जातात, याचा मला आनंदच आहे. परंतु त्या वर्गात क्रियापद ज्या रीतीने शिकवले जाते ती पाहिल्यावर हे पत्र लिहिल्याशिवाय राहवले नाही. वर्गातील जवळजवळ सर्व मुले मराठी घरांतली आहेत, शिकवणाऱ्या बाईही मराठी आहेत, आणि तरीही स्पॅनिश क्रियापदाचे प्रत्येक रूप इंग्रजीच्या चाळणीतून गाळून मुलांपुढे ठेवले जाते. त्या चाळणीत जे उरत नाही ते सारे मराठीत जसेच्या तसे उपलब्ध आहे.

नातीला मिळालेला दोन पानी तक्ता माझ्यासमोर आहे. त्यात 'बोलणे' या अर्थाचे 'आब्लार' हे क्रियापद चालवून दाखवले आहे. (लिहिताना सुरुवातीला 'ह' असतो, पण तो उच्चारत नाहीत.) 'आर'ने संपणाऱ्या नियमित क्रियापदांचा हा नेहमीचा नमुना आहे. स्वार्थातले, म्हणजे साधे विधान करणाऱ्या रूपांतले, पाच साधे काळ आणि प्रत्येकी सहा रूपे म्हणजे ३०, इच्छा-शंका दाखवणाऱ्या अर्थाचे दोन काळ धरून आणखी १२, त्यावर आज्ञार्थ, आणि 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाच्या जोडीने होणारे संयुक्त काळ वेगळेच. नात हा तक्ता पाढ्यांसारखा घोकत होती. पाठांतराला माझा विरोध नाही, रामरक्षा आणि धातुरूपे पाठ करूनच आमची पिढी शिकली. पण आपण काय पाठ करतो आहोत हे तिला कळत नव्हते.

वर्तमानकाळ घ्या: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. इंग्रजीत क्रियापद जवळजवळ सर्व पुरुषांत सारखेच राहते, म्हणून तिथे कर्ता बोलून दाखवावा लागतो आणि ही सहा रूपे मुलांना भार वाटतात. मराठी मुलाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. 'कधी आलास?' असे आपण विचारतो तेव्हा 'तू' म्हणावे लागत नाही, कारण तो 'स' सर्व सांगतो. स्पॅनिशमध्येही 'आब्लास' म्हटले की 'तू' आलाच. ज्याला संस्कृत येते त्याला तर हे ओळखीचे घर वाटेल: वदसि, वदामः, वदन्ति यांच्याशेजारी आब्लास, आब्लामोस, आब्लान ठेवून पाहावे. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे मांडले, त्याचा पुरावा नववीच्या मुलीच्या वहीत असा उघडा पडलेला असतो, आणि लॅटिनची लेक असलेल्या स्पॅनिशने तो 'स' अजून जपला आहे. आपल्याकडे मात्र हल्ली मुले 'तू कुठे गेला होता?' असे सर्रास म्हणतात आणि 'होतास'मधला 'स' गाळतात. तिकडे उलट घडते. भूतकाळी 'तू बोललास' यासाठी प्रमाण रूप 'आब्लास्ते' असे 'स'विना आहे, पण पुष्कळ लोक बोलताना तिथे 'स' जोडून 'आब्लास्तेस' म्हणतात आणि शिक्षक तो खोडत बसतात. नातीला हे सांगितल्यावर तिने मराठीतला 'स' आपणहून पुन्हा सुरू केला.

खरी अडचण भूतकाळात आहे. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन: 'आब्लो' (वर्तमानकाळातल्या 'आब्लो'हून वेगळा, जोर शेवटच्या अक्षरावर) आणि 'आब्लाबा'. तक्त्यात पहिल्यापुढे 'स्पोक' आणि दुसऱ्यापुढे 'वॉज स्पीकिंग' असे लिहिले आहे. त्यामुळे मुलांची समजूत अशी होते की दुसरा काळ म्हणजे केवळ चालू क्रिया. ही समजूत अपुरी आहे आणि परीक्षेत हमखास चुकवणारी आहे. मी नातीला आमच्या घरातलेच एक वाक्य दिले. 'आजोबा जेवताना कधी बोलत नसत. त्या दिवशी मात्र ते बोलले.' इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'स्पोक' चालून जाते, म्हणून इंग्रजीतून विचार करणारे मूल दोन्हीकडे 'आब्लो' लिहिते. मराठीत 'बोलत नसत' आणि 'बोलले' यांची गल्लत कोणी करणार नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्या ठिकाणी 'नुन्का आब्लाबा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'आब्लो'. आपण शाळेत ज्याला रीतिभूतकाळ म्हणतो, 'तो बोले', 'मी आजोळी जाई', तो पूर्णपणे या 'आब्लाबा'च्या पोटात येतो. 'बोलायचे' आणि 'बोलत होते' हेही त्यातच येतात. एवढे एक वाक्य सांगितल्यावर तिने त्या धड्याखालची बारा वाक्ये एकही चूक न करता सोडवली. 'एर' आणि 'इर' गटांत या काळाचा प्रत्यय 'ईया' असा होतो, परंतु वापर तोच.

आता 'सब्जंक्टिव्ह', म्हणजे वर सांगितलेला इच्छा-शंका दाखवणारा अर्थ. या शब्दाची धास्ती मी तिच्या सर्व मैत्रिणींच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. तक्त्यात त्यापुढे 'दॅट आय स्पीक' असे लिहिले आहे, ज्यातून कोणालाही काहीही बोध होत नाही. मराठीत क्रियापदाचे चार अर्थ आपण शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. स्पॅनिशमधले 'आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन' हे रूप बहुतांशी आपल्या विध्यर्थाचे काम करते. 'तू बोलावेस अशी माझी इच्छा आहे' याचे स्पॅनिश 'कियेरो के आब्लेस'. 'बोलावेस' आणि 'आब्लेस' एकाखाली एक लिहिले की दोन्हींच्या शेवटी 'एस' ऐकू येतो आणि रूप आपोआप लक्षात राहते. इंग्रजी 'आय वाँट यू टू स्पीक' या रचनेतून हे कधीच सापडणार नाही, कारण तिथे विध्यर्थाचा मागमूस नाही.

आज्ञार्थात तर साम्य आणखी पुढे जाते. 'तू बोल' म्हणताना 'आब्ला', परंतु आदराने सांगायचे झाले की स्पॅनिशमध्ये आज्ञार्थाचे वेगळे रूप न घेता याच विध्यर्थी रूपाचा आधार घेतात: 'आब्ले उस्तेद'. आपणही वडीलधाऱ्यांना 'आपण बोलावे', 'आपण बसावे' असे विध्यर्थातच विनवतो. 'उस्तेद' हा शब्दच मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या संबोधनाचा झिजून झालेला आहे, आणि त्यामुळेच त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते, जसे 'महाराजांनी बोलावे'. नकारातही तसेच. 'बोल'चा नकार करताना आपण 'न बोल' म्हणत नाही, क्रियापदाचे रूप बदलून 'बोलू नकोस' म्हणतो. स्पॅनिशमध्येही 'आब्ला' हे रूप सोडून 'नो आब्लेस' म्हणावे लागते. इंग्रजीत फक्त पुढे 'डोंट' जोडून भागते, म्हणून मुले 'नो आब्ला' लिहितात आणि गुण गमावतात.

भविष्यकाळाची घडण मला विशेष आवडली. 'आब्लार' या मूळ रूपापुढे 'आबेर'ची 'ए, आस, आ' ही रूपे जोडून 'आब्लारे, आब्लारास, आब्लारा' झाले आहे. आपल्या 'मला बोलायचे आहे' याच्या जवळचीच ही कल्पना. जोडलेल्या भागावरच आघात असल्यामुळे 'आब्लारा' म्हणताना शेवटच्या 'रा'वर जोर येतो. संकेतार्थाला लागणारे 'आब्लारा' मात्र वेगळे: 'ते बोलले' या अर्थाच्या 'आब्लारोन'मधून 'रोन' काढून 'रा' लावायचा, आणि जोर 'ब्ला'वर ठेवायचा. ही युक्ती अनियमित क्रियापदांनाही लागू पडते. आपलेही 'बोलला असता' भूतकाळी रूपावरच उभे आहे, हे मुलीला दाखवले की तिला पुन्हा धीर येतो.

याच ठिकाणी त्या तक्त्यातली सर्वांत गंभीर चूक आहे. उच्चार देवनागरीत दिले आहेत, ही गोष्ट चांगली. परंतु आघात कुठेही दाखवलेला नाही. परिणामी 'मी बोलतो' आणि 'तो बोलला' ही दोन्ही रूपे 'आब्लो' अशी छापली गेली आहेत. 'मी बोललो' आणि 'मी बोलावे' ही दोन्ही 'आब्ले' झाली आहेत. 'तो बोलेल' आणि 'तो बोलता तर' ही दोन्ही 'आब्लारा'. स्पॅनिश लेखनात भूतकाळाच्या आणि भविष्यकाळाच्या रूपांत शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते आणि तेवढ्याने काळ बदलतो. ती रेघ देवनागरीत आणताना गळून पडली. नातीने मला निरागसपणे विचारले की आजी, मग ऐकणाऱ्याला कळते कसे? मी तिला जोर देऊन दोन्ही म्हणून दाखवले, आणि वृत्तांत आपण लघू-गुरूच्या खुणा करतो तशी आघाताच्या अक्षराखाली लाल रेघ मारायला सांगितली. छापणाऱ्यांना हे करणे मुळीच अवघड नाही.

मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नातीने पहिल्या महिन्यात 'तो आब्लो, ती आब्ला' असे लिहिले होते. 'बोलतो-बोलते'प्रमाणे ओकारान्त रूप पुल्लिंगी आणि आकारान्त रूप स्त्रीलिंगी असणार, असा तिचा समज झाला होता. प्रत्यक्षात 'आब्लो' म्हणजे 'मी' आणि 'आब्ला' म्हणजे तो किंवा ती. या रूपांना लिंगभेद नाही. तसेच 'मी पत्र लिहिले, मी चिठ्ठी लिहिली' असा कर्मणी प्रयोग तिथे होत नाही. दोन्हीकडे 'एस्क्रिबी' हे एकच रूप राहते. 'तो म्हणाला की मी बोलेन' यात आपण भविष्यकाळ तसाच ठेवतो, स्पॅनिशमध्ये मात्र 'आब्लारीया' करावे लागते, आणि त्या बाबतीत इंग्रजीचे 'वुड' खरोखर उपयोगी पडते. अशी ठिकाणे शिकवणाऱ्याने आधीच दाखवून दिली तर मुले चुकणार नाहीत, आणि ती दाखवायला दोन्ही भाषा जाणणारी व्यक्तीच हवी, जी आज वर्गात उभी आहेच.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची आहे. तक्त्यातील 'आब्लाइस' हे 'तुम्ही'चे रूप स्पेनमध्ये चालते. मेक्सिकोपासून चिलीपर्यंत लॅटिन अमेरिकेत अनेकांशी बोलताना 'उस्तेदेस आब्लान' म्हणतात. ज्या मुलांना पुढे मेक्सिकोतील ग्राहकांशी बोलण्याचे काम मिळणार आहे, त्यांना हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे.

ठाणे आणि नवी मुंबईतील स्पॅनिश शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना माझी विनंती आहे की जूनमध्ये नव्या तुकड्या सुरू होण्यापूर्वी त्यांनी आपले तक्ते एकदा काढून पाहावेत, इंग्रजीच्या रकान्याशेजारी मराठीचा एक रकाना घालावा, आणि देवनागरी उच्चारांत आघाताची खूण करावी. मी नातीसाठी असा एक तक्ता हाताने तयार केला आहे. १७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात क्रियापदांची सर्व रूपे दिलेली असतात, त्यांच्याशी प्रत्येक रूप ताडून पाहिले आहे. ज्यांना हवा असेल त्यांना मी त्याच्या प्रती विनामूल्य देईन. आपल्या कार्यालयाकडे पत्र आल्यास ते कृपया माझ्याकडे पाठवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)