रविवारी कानस मारू नकोस

प्रिय नंद्या,

तुझं रेकॉर्डिंग येऊन दहा दिवस झाले आणि मी गप्प. रागव, पण आधी हे वाच. तब्येत बरी आहे. शेवटी तू लिहिलंयस, "रविवारी मेलोडिका उघडतो आणि टोकाला कानस मारतो." तोंडाने फुंकून वाजवायची ती पट्ट्यांची पेटी तू उघडणार आणि आतल्या रीडच्या, म्हणजे सूर काढणाऱ्या धातूच्या जिभेच्या, टोकाला कानस मारणार, हे वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय.

मधल्या सप्तकातली पांढरी तीन, म्हणजे तिसरी पांढरी पट्टी, सुरात उतरलीय, हे खरं. पण आधी पाणी काढलंस का? थंड रीडवर श्वासाची वाफ धरते, आणि जिभेवर एक थेंब बसला की सूर उतरतो, घरघरतो नाहीतर मुकाच होतो. एकही पट्टी न दाबता, पाणी काढायचं बटण दाबून जोरात फुंक. मग रात्रभर कोरडं होऊ दे आणि सकाळी ऐक.

दुसरं, तुझं ट्यूनर, म्हणजे सूर मोजायचं यंत्र, 440 हर्ट्झवर असणार. जपानी मेलोडिका बहुधा 442 ला लावलेली असते, म्हणजे सगळेच सूर 8 सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढे दिसतात. शेजारच्या पट्ट्या +8 आणि ही −12 दाखवत असेल, तर खरी उतरण 20 सेंटची. ट्यूनरवर 0 आणलीस तर ती बाकीच्यांशी भांडतच राहील. शिवाय जोरात फुंकलं की रीड उतरतेच, म्हणून मोजताना फुंक एकसारखी, मध्यम ठेव.

आणि पेटीवाल्या काकांकडे तर नेऊच नकोस. माणूस सोन्यासारखा, पण त्यांचा हात पेटीचा. पेटीत प्रत्येक सूर आपल्या पितळी चौकटीवर, वेगळ्या स्क्रूने बसवलेला. बिघडला की तेवढाच बदलायचा. मेलोडिकात धातूच्या एकाच पत्र्यावर साऱ्या जिभा घट्ट बसवलेल्या. एक तुटली तर अख्खा पत्रा शोधत फिरावं लागेल.

सर्वात जास्त भीती मला तड्याची आहे. सूर महिनोन्महिने हळूहळू उतरला असेल तर धातू थकलाय, तो घासून सावरता येतो. पण आठवड्याभरात घसरला असेल आणि रोज आणखी घसरत असेल, तर जिभेच्या मुळाशी बारीक तडा असणार. तिथे टोक कितीही घास, सूर पुन्हा खाली येणार आणि एक दिवस जीभ तुटून हातात. तुझी पांढरी तीन कशी उतरली, तेच तू लिहिलं नाहीस!

घासायचीच वेळ आली तर: जिभेखाली 0.05 मिलिमीटरचं फीलर पातं (फट मोजायची पातळ धातूची पट्टी) सरकवून तिला आधार दे. सूर चढवायचा तर टोकाशी घास, उतरवायचा तर मुळाशी. दोन-तीन हलके ओरखडे लांबीच्या दिशेने, आडवे नाहीत. मग दहा मिनिटं थांब. बोटाच्या उबेने सूर उतरलेला दिसतो, तू आणखी घासशील आणि गार झाल्यावर तो चढा निघेल. झाकण लावून, स्क्रू आवळूनच मोज. उघड्यावरचा सूर खरा नसतो.

तू म्हणशील, मुलांच्या एका खेळण्यापायी एवढं? तो वाद मी अजून सोडलेला नाही. होनरने 1950 च्या दशकाच्या अखेरीस हे वाद्य आणलं, जपानात ते शाळकरी मुलांच्या हाती गेलं, म्हणून ते खेळणं ठरत नाही. जमैकाच्या ऑगस्टस पाब्लोने किंग्स्टनमध्ये ह्याच फुंकीच्या पेटीवर तिथल्या रेगे संगीताला एक नवा, उदास आवाज दिला. त्याचा 1977 चा 'ईस्ट ऑफ द रिव्हर नाइल' हा अल्बम पुन्हा ऐक. किती कमी सूर आहेत, आणि मधल्या मोकळ्या जागेत प्रतिध्वनी कसा फिरतो! डबमध्ये, म्हणजे रेगेच्या या प्रतिध्वनीने भरलेल्या प्रकारात, प्रत्येक सुराची पुन्हा पुन्हा उजळणी होते, त्यामुळे एक बेसूर रीडसुद्धा दहा वेळा ऐकू येते. तुला तर तेच वाजवायचंय, म्हणून माझा हा हट्ट.

सोनूच्या ॲडमिशनचं काय झालं? माईंचा गुडघा? वहिनींना नमस्कार सांग.

उघडण्याआधी तीच पट्टी हळू, मध्यम आणि जोरात अशी तीनदा वाजवून पाठव, शेजारच्या दोन पट्ट्यांसकट. आणि कधीपासून उतरली ते लिही. शनिवारी रात्रीपर्यंत.

तुझा,
बाळ्या