आधी पाय दाखव, मग टेस्ट दे

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बॅगेत शिनगार्डच्या खाली ठेवतोय. उद्या सकाळी सहाला तुझ्या कॉलेजला, फुटबॉलच्या सरावासाठी निघायचं आहे. गाडीत अडीच तास मिळतील खरे, पण तू कानात इयरफोन घालून झोपणार आणि मी रस्त्याकडे बघत राहणार. शिवाय जे सांगायचंय ते मला इंग्रजीत नीट सांगता येणार नाही. लहानपणी रविवारी मराठी शाळेत जायचं म्हटलं की तू रडायचास. आज त्याच शाळेमुळे तू हे वाचू शकतोयस. सावकाश वाच, शब्द अडला तर आईला फोन लाव.

तुझा पाय दुखतोय, हे मला माहीत आहे.

जुलैत पार्कमध्ये तू स्प्रिंट मारत होतास, मी गाडीत बसून बघत होतो. सहावी-सातवी फेरी असेल. पळता पळता तुझा उजवा हात मांडीच्या मागे गेला, दोन पावलं लंगडलास, आणि लगेच मान वळवून मी बघतोय का ते पाहिलंस. गाडीत बसल्यावर म्हणालास, क्रॅम्प आला होता. मी मान डोलावली. त्या दिवसापासून जिना उतरताना तू कठडा धरतोस. परवा आईनं भाजीसाठी फ्रीझरमधून मटारची पिशवी काढली, तर आतले दाणे एकमेकांना चिकटून त्यांची एक वाकडी वीट झालेली. एका बाजूनं खोलगट, मांडीखाली बरोबर बसेल अशी. वितळून पुन्हा गोठल्याशिवाय मटार असे होत नाहीत. आईनं ती वीट ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतोय.

तू का लपवतोयस तेही मला कळतं. हे तुझं कॉलेजच्या टीममधलं तिसरं वर्ष. पहिलं वर्ष बाकावर गेलं, दुसऱ्या वर्षी सामने संपता संपता कधी दहा मिनिटं मिळाली, कधी पंधरा. तुझ्या जागेवर खेळणारा सीनियर आता पास होऊन गेला, जागा मोकळी आहे, आणि तिच्यावर डोळा ठेवून नवी पोरंही येतायत. पहिल्याच सकाळी यो-यो टेस्ट. वीस मीटर जायचं, वीस मीटर परत यायचं, दहा सेकंद श्वास घ्यायचा, की पुढचा बीप. वेग वाढत जातो. एकदा बीपच्या आत पोचला नाहीस तर इशारा, दुसऱ्यांदा चुकलास की बाहेर. कोचनं जूनमध्ये पाठवलेला सरावाचा तक्ता तू फ्रीजवर चिकटवलास आणि रोज एक चौकोन खोडत गेलास. चौकोन खोडायचे थांबले कधी, तेही मी बघितलंय.

आता माझं ऐक. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

माझ्या गुडघ्याचं तुला एवढंच माहीत आहे की कोल्हापुरात खेळताना लागलं. तिथं फुटबॉल कॉलेजचा नाही, पेठेचा आणि तालमीचा. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तू आजोबांच्या तोंडून ऐकली आहेस. ज्या तालमीत लाल मातीत कुस्ती व्हायची, त्याच तालमीची फुटबॉल टीम, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ तिच्या मागं. हंगामाआधीची आमची तयारी म्हणजे पावसाळा सरला की पहाटे रंकाळ्याला फेऱ्या, आणि तिथून गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. कोच नावाचा पगारी माणूस नव्हता. जुने खेळाडू काठावर उभे राहून ओरडायचे, आणि त्यांचा शब्द शेवटचा असायचा.

१९९५ ची गोष्ट. मी तुझ्याएवढाच, २० वर्षांचा. पहिल्यांदाच मोठ्या संघात नाव लागलेलं. सेमीफायनलच्या चार दिवस आधी गांधी मैदानावर सरावात गुडघा पिरगळला. रात्री सुजला. तुझ्या आजीनं आंबेहळद उगाळून लेप लावला, वर मी क्रेप बँडेज आवळलं आणि तिला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. माझ्या जागेवर खेळू शकणारा एक पोरगा होता. माझ्यापेक्षा थोडा हळू, पण धडधाकट. मला भीती त्याचीच होती. तो एकदा उतरला आणि चांगला खेळला तर माझं नाव पुन्हा लागणार नाही.

सामन्यात पंधरा-वीस मिनिटं निभावलं. मग त्यांच्या विंगरनं बॉल माझ्या उजव्या अंगाला काढला. मला वळायचं होतं. डोक्यानं वळलो, गुडघा वळलाच नाही. तो निघून गेला, क्रॉस टाकला आणि गोल. पुढच्या पाच मिनिटांत मी एकटाच पडलो, कुणी धक्कासुद्धा मारला नव्हता. दोघांनी खांद्यावर घालून बाहेर आणलं, तेव्हा पेठेतली माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. पोरगा जखमी असून लढला म्हणून. तो पोरगा माझ्या जागी उतरला आणि जीव तोडून खेळला, पण एका गोलनं आम्ही हरलो.

हाडवैद्य झाला, डॉक्टर झाले. मी पुन्हा स्पर्धेत खेळलो नाही. ते दुःख मी कधीच पचवलंय. पण त्या टाळ्या अजून पचलेल्या नाहीत. तो गोल माझ्या गुडघ्यानं खाल्ला होता आणि गुडघ्याचं मला चार दिवस आधी ठाऊक होतं. बाकीच्या दहा जणांना नव्हतं. त्यांना वाटत होतं, उजवी बाजू भक्कम आहे.

तुझी शीर ओढल्यापासून मी रात्री बसून हॅमस्ट्रिंगबद्दल वाचतोय. पळताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा मांडीमागचा हा स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी पायाला ब्रेकही लावत असतो. नेमका तिथं तो फाटतो. घात असा की दुखणं आधी थांबतं, ताकद बऱ्याच उशिरा येते. म्हणून माणसाला बरं वाटायला लागतं आणि तो पळत सुटतो. युरोपातल्या मोठ्या क्लबांत २००१ पासून दुखापतींची नोंद ठेवतात. पहिल्या हंगामात १०० दुखापतींत १२ हॅमस्ट्रिंगच्या होत्या, २०२१-२२ मध्ये त्या २४ झाल्या. तिथं दिमतीला डॉक्टरांची फौज असते, तरी ही गत. आणि एकदा गेलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा जाते ती बहुतेक वेळा मैदानात परतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत. तुमचा हंगाम केवढा? सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिला सामना आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सचा, म्हणजे तुमच्या कॉलेजांच्या गटाचा निकाल. आठवड्याला दोन-दोन सामने. ते दोन महिने म्हणजेच तुझा अख्खा हंगाम, सोन्या.

उलट आत्ता सांगितलंस तर काय होईल ते बघ. ट्रेनर, म्हणजे टीमच्या दुखापती बघणारा माणूस, तुला आठ-दहा दिवस बाजूला काढेल. गुडघ्यावर बसवून, घोटे धरून, पुढे सावकाश झुकायला लावेल, तो नॉर्डिकचा व्यायाम जो तू कंटाळा येतो म्हणून टाळतोस. टेस्ट मागाहून होईल. आणि तुमच्या खेळात एक सोय आहे जी आमच्या वेळी नव्हती. आमच्यात एकदा बाहेर आलेला परत आत जात नसे. तुमच्याकडे पहिल्या हाफमध्ये बाहेर काढलेला खेळाडू दुसऱ्या हाफला पुन्हा उतरू शकतो. म्हणजे वीस मिनिटांचा माणूससुद्धा कोचच्या कामाचा असतो, फक्त तो वीस मिनिटांचा आहे हे कोचला माहीत पाहिजे. पूर्ण सामन्याचा धरून उतरवला आणि पंधराव्या मिनिटाला बसला, तर सगळी आखणी कोसळते.

पैशाची काळजी तर अजिबात नको. तुमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटात आहे, आणि तिथं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, त्यामुळे दुखापतीपायी ती जाण्याचा प्रश्नच नाही. तुला जी मदत मिळते ती अभ्यासावर, बाकीची फी आपण भरतो. आपल्यातली काही मंडळी हे ऐकून नाक मुरडतात. फुकट खेळतो होय, असं एकानं मला तोंडावर विचारलं. मला त्याचा मनापासून राग आला. ज्याला एक पैसा मिळत नाही तो पोरगा ऑगस्टच्या उन्हात दिवसातून दोनदा मैदानात उतरतो आणि रात्री केमिस्ट्रीचं पुस्तक उघडतो, यात कमीपणा कुठला? आणि खेळही काही हलका नाही. तुझ्या पेनसिल्व्हेनियातल्याच मसाया कॉलेजनं (आता युनिव्हर्सिटी) २००० ते २०१७ या काळात अकरा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांच्यासारख्यांशी खेळायचं तर दोन्ही पाय जाग्यावर लागतात.

उन्हाचंही सांगतो, कारण तू पाणी कमी पितोस. सरावाआधी आणि नंतर वजन करायला लावतात ना, ते टाळाटाळ न करता कर. तुझ्या ७० किलोत दीड किलो घट म्हणजे पायातलं बळ गेलंच. आईनं शेंगदाण्याचे लाडू दिलेत, डबा निळ्या पिशवीत आहे. खोलीतल्या मित्रालाही दे.

मी कोचला फोन करू शकलो असतो. नंबर आहे माझ्याकडे. गेल्या आठवड्यात दोनदा हातात फोन घेतला आणि ठेवला. आता तू २० वर्षांचा आहेस, पाय तुझा आहे आणि टीमही तुझी. माझ्या आईला मी शपथ घातली आणि तिनं ती पाळली. तुझी आई आणि मी कसलीही शपथ पाळणार नाही, कुणी विचारलं तर खरं सांगू. पण आपणहून फोन करणार नाही. ते तुझ्या तोंडून जायला हवं.

उद्या सामान खोलीत टाकलंस की जेवायला जाण्याआधी ट्रेनिंग रूममध्ये जा. ट्रेनरला तारीख सांग, कुठे दुखतं ते बोटानं दाखव, मटारचंही सांग. मग कोचकडे जा. त्याचा चेहरा पडला तर पडू दे. आणि तुझ्या जागेवर डोळा असलेला जो कुणी नवा पोरगा असेल, त्याच्याशी स्वतःहून बोल. मागच्या वर्षी त्या जागेवर काय काय चुकलं ते त्याला सांग. माझ्या जागी आलेल्या त्या पोराशी मी त्या सामन्याआधी चार दिवस एक शब्द बोललो नव्हतो.

रविवारी रात्री फोन कर. यो-यो कुठल्या लेव्हलला गेली ते मी विचारणार नाही. ट्रेनर काय म्हणाला ते सांग.

तुझा,
बाबा

ता. क. मटारची नवी पिशवी आणलीय. जुनी तुझ्या कूलबॉक्समध्ये ठेवलीय, गाडीत पायाखाली घे. आता लपवून घ्यायची गरज नाही.